तायडेभाऊंचं अर्धं पान

तायडेभाऊ पहिल्यांदा आमच्या दारात आले ते काजळ मागायला. पस्तिशीचा मिशीवाला माणूस, खाकी पँट, वर बनियन, सकाळी सकाळी दारात उभा राहून काजळ मागतो म्हटल्यावर मी जरा दार ओढूनच घेतलं. म्हटलं, कोणाच्या डोळ्यात घालायचं? तर म्हणतात कसे, "डोयात नाई वहिनी. खायले पाह्यजे."

"कोनाले खायले?"

"माह्या शिपायायले."

मी काजळाची डबी दिली. वेड्या माणसाशी वाद घालू नये, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

ही आणीबाणी उठली त्याच्या मागच्या-पुढच्या सालातली गोष्ट आहे. वाशीम जिल्हा तेव्हा नव्हता, आम्ही मालेगाववाले अकोल्यातच मोडायचो. आमचा भाजीचा मळा गावाला लागून. मळ्याच्या कडेला एक खोली रिकामी होती, ती तायडेभाऊंनी भाड्याने घेतली. सरकारी दवाखान्यात रक्त तपासायची नोकरी. दवाखान्याच्या मागच्या अंगाला त्यांची एक अंधारी खोली, तीत एक टेबल, दोन-चार बाटल्या आणि एक मायक्रोस्कोप. आम्ही त्याला दुर्बीणच म्हणायचो. ते आधी चिडायचे, मग तेही दुर्बीण म्हणायला लागले.

गावात त्यांचं नाव पडलं होतं रक्तप्या. पोरगं जेवत नसलं की बाया म्हणायच्या, खा नाहीतर रक्तप्या येईल. तायडेभाऊंना कोणी तरी येऊन हे सांगितलं. म्हणाले, "नाव चांगलं आहे. पगार मात्र त्या मानानं कमी आहे."

बोट टोचायची त्यांची एक रीत होती. माणसाला आधी भांडायला लावायचे. "काय हो, तुमचा बैल मारका आहे म्हनतात?" तो म्हणायचा, कोन म्हनते, आन त्याले माह्यासमोर. तेवढ्यात सुई लागून रक्त काचेवर आलेलं असायचं. काही मोठ्या घरचे लोक त्यांच्या हाताला बोट द्यायला कचरायचे. तायडेभाऊ बौद्ध, हे सगळ्यांना ठाऊक. मग ते म्हणायचे, "बोट तुमचं तुमीच धरा साहेब, मी फक्त सुई धरतो. पन एकदा थेंब काचेवर पडला का जात काच सांगते. ए, बी नाईतर ओ. चौथी एक आहे, दोन्हीतली. तुमी कोनते आहा ते सांगायले उद्या या." आणि तो माणूस खरंच दुसऱ्या दिवशी उत्सुकतेने यायचा, मी कोणता निघालो म्हणून.

एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम. "मानूस खोटं बोलते, रक्त बोलत नाई." दारू सोडली म्हणणारा, औषध वेळेवर घेतो म्हणणारा, सगळ्यांना हेच ऐकवायचे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचं काय झालं ते सांगते.

तर ते काजळ. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले आणि आता वीट मागितली. चुलीतली, गरम. मी म्हटलं, आधी काय चाललंय ते दाखवा, मग वीट. मला म्हणाले, चला. गेले मी डोक्यावर पदर घेऊन, आमचे हे पण मागे आले. आमचे हे म्हणजे नारायणराव. तायडेभाऊ त्यांना नारायणदादा म्हणायचे.

पत्र्याचा एक डबा केला होता, त्यात गरम वीट ठेवायची, वर काच. काचेवर त्यांच्याच बोटाचा थेंब आणि त्यात मिठाच्या पाण्यात घोटलेलं माझं काजळ. मला म्हणाले, एक डोया मिटा. मिटला. आधी नुसतं धुकं दिसलं. मग नाण्यांचा सडा पडल्यासारख्या लाल चकत्या दिसल्या. आणि त्यांच्यात एक भाताच्या पेजेच्या थेंबासारखं काहीतरी. ते हललं. गोगलगायीसारखं एका बाजूनं पाय काढला आणि सगळं अंग त्या पायात ओतलं. समोर काजळाचा कण होता. त्याला हळूच कवेत घेतलं आणि कण आत. मी डोळा काढून घेतला. माझ्याच अंगात असं काही चालत असेल, हे मला त्या क्षणापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

"हे पांढरे शिपाई," तायडेभाऊ म्हणाले. "काजळाले चोर समजून गिळून राह्यले. येडे आहेत, पन इमानदार आहेत."

"वीट काहून लागते?"

"थंड झालं का गोळा होऊन बसतात अन् मरतात. मेलेल्यायले रंग लावून तर मी रोजच पाह्यतो, सरकार त्याचाच पगार देते. जिता पाह्यले मजा आहे."

आमच्या ह्यांनी पण डोळा लावला. बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "आमच्या पोलीस चौकीपेक्षा बरे आहेत. निदान हलतात तरी."

काजळ, रक्त आणि गरम वीट. शेजारच्या गंगूमावशीला एवढं पुरेसं होतं. दोन दिवसांत गावभर झालं, की तायडे करणी करतो. बाया माझ्याकडे भाजी घ्यायला येईनात, कारण काजळ माझं. आठवड्याने केनवडकडचा एक माणूस लिंबू, नारळ घेऊन त्यांच्या दारात हजर. चुलतभावाने बांध कोरला होता, त्याच्यावर करणी करून पाहिजे. मी मळ्यातून ऐकत होते.

तायडेभाऊंनी नारळ घेतला. म्हणाले, "करतो. पन पह्यले तुमचं रक्त लागते."

त्याचं बोट टोचलं, काचेवर थेंब घेतला, खिडकीशी धरून पाहिला, पापणी ओढून पाहिली आणि तोंड कडू केलं. "अरे बाप्पा, हे तर नुसतं पानी आहे. एवढ्या रक्तात करनी लागत नाई. दुश्मन राहील बाजूले, तुमीच चक्कर येऊन पडसान." मग त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. जंताच्या आणि लोहाच्या गोळ्या तीन महिने खायच्या, मग या. तो माणूस तीन महिन्यांनी आला. गाल वर आले होते. करणीचं विसरला होता, की बांधाचं मिटलं होतं, कोण जाणे. येताना तुरीच्या शेंगा घेऊन आला. नारळ तर त्याच दिवशी आम्ही फोडून खाल्ला होता.

आता अर्ध्या पानाचं सांगते. मी शाळेत गेले नाही. वाचायला शिकले ते रद्दीवर. भाजी बांधायला रद्दी घ्यायची आणि गिऱ्हाईक नसलं की अक्षरं जुळवत बसायची. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांची रद्दी माझ्याकडेच यायची. ते पुण्याकडचे, त्यांना टपालाने इंग्रजी मासिकं यायची. गुळगुळीत कागद, मेथीला एकदम चांगला, पाणी धरत नाही.

एक दिवस तायडेभाऊ संध्याकाळी मेथी घेऊन गेले आणि दहा मिनिटांत पळत परत आले. हातात कागद, मेथी खोलीतच टाकून.

"वहिनी, याच्या पुढचं पान कुठं आहे?"

"गेलं असन वांग्यायसंगं."

"कोनाच्या वांग्यायसंगं?"

मला काय आठवणार? तरी आठवलं तेवढी घरं सांगितली. हा सरकारी माणूस त्या संध्याकाळी मालेगावात सात-आठ घरी जाऊन, तुमी वांगे कायच्यात नेले, म्हणून विचारत फिरला. गंगूमावशीच्या घरी एक पान मिळालं, पण ते गुडघेदुखीच्या मलमाची जाहिरात निघालं. पुढचं पान काही सापडलं नाही.

जेवढं होतं तेवढं त्यांनी डिक्शनरी घेऊन चार दिवस वाचलं. मग आम्हाला बसवून सांगितलं. त्यांचं सांगणं असं की, अंगात रोग शिरला म्हणजे अंग त्याच्या मापाचा एकेक अडकवायचा आकडा घडवतं. ज्या चोरासाठी घडवला, त्याच्याच गळ्यात तो आकडा बसतो, दुसऱ्याच्या नाही. त्याला म्हणतात अँटिबॉडी. आता परदेशातल्या काही लोकांच्या डोक्यात आलं की, असा आकडा आपण मुद्दाम घडवून घ्यायचा. चोरासाठी नाही, शिपायासाठी. शिपायाच्या गळ्यात बसेल असा. आणि त्या आकड्याला एक किरणांची ठिणगी बांधायची.

"म्हंजे घुंगरू," आमचे हे म्हणाले.

तायडेभाऊ थांबले. ह्यांच्याकडे पाहत राहिले. "बराबर. घुंगरू. जंगलात गाय दिसत नाई, पन घुंगरू वाजलं का समजते, नाल्याकडं आहे. तसं हे घुंगरू सुईनं अंगात सोडून द्याचं. ते शिपायायले शोधून त्यायच्या गळ्यात जाऊन बसते. अन् बाहेरून यंत्र लावून पाह्यचं, शिपाई कुठं गोळा झाले. मानूस जिता, बसलेला, गोष्टी करून राह्यला, अन् आपन पाह्यतो, याच्या पोटात इथं लढाई सुरू आहे."

"मग दिसलं काय त्यायले?" मी विचारलं.

"सशाच्या अंगात सोडलं. यंत्र लावलं. अन् मंग," त्यांनी कागद उलटा करून दाखवला, "मंग वांगे."

तो कागद त्यांनी वहीत चिकटवून ठेवला. मला येता-जाता म्हणायचे, "वहिनी, ज्यानं ते वांगे खाल्ले त्याले समजलं असन काय झालं ते."

त्याच वर्षी आमच्या ह्यांना ताप आला. दोन-तीन दिवस काढा दिला, उतरेना. दवाखान्यात नेलं. तायडेभाऊंनी रक्त घेतलं, या वेळी भांडण न लावता. टायफाइडची एक तपासणी असते, विडाल म्हणतात. रक्तातल्या पाण्यात टायफाइडसाठी घडवलेले ते आकडे आहेत का, ते बघतात. ह्यांच्या रक्तात भरपूर निघाले. डॉक्टरांनी टायफाइडचं औषध सुरू केलं. पंधरा दिवस झाले. ताप रोज दुपारनंतर थंडी वाजून चढायचा, रात्री घामाने गोधडी भिजायची. गडी अर्धा झाला. वर उजवा खांदा दुखतो म्हणायचे. तो तर भाजीची पोती उचलून दुखत असेल म्हणून मी रोज तेल चोळायची.

तायडेभाऊ रोज यायचे. बोलणं कमी झालं होतं त्यांचं. एक दिवस म्हणाले, "नारायणदादा, टायफाइडमंधी पांढरे शिपाई कमी होतात. तुमचे दुप्पट झाले. दोन रिपोर्ट माह्याच हातचे, अन् दोघं एकमेकायसंगं भांडून राह्यले. तुमी कधी टायफाइडची सुई घेतली होती काय? जत्रेत, कुठं?"

"नाई," हे म्हणाले. "सुई कायची घेतो मी."

मी चुलीकडे तोंड करून बसले. तायडेभाऊ गेले. ह्यांनी मला शपथ घातलेली होती.

झालं होतं असं. चार महिने आधी आम्ही जत्रेला गेलो होतो. नाक्यावर सुई टोचून घेतल्याशिवाय आत सोडत नव्हते, कॉलरा आणि टायफाइडची एकत्र सुई. टोचल्याची चिठ्ठी दाखवायची, मग वाट मोकळी. मला सुईची अशी भीती की मी रस्त्यातच बसले. माघारी चला म्हटलं. हे म्हणाले, थांब. रांगेत गेले, डाव्या दंडावर स्वतःची सुई घेतली. मग पटका काढून खांद्यावर टाकला, दुसऱ्या रांगेत गेले आणि बायको आजारी आहे, गाडीत निजली आहे, तिची चिठ्ठी द्या म्हणून गळ घातली. तो कंपाउंडर म्हणाला, दंडाशिवाय चिठ्ठी नाही. ह्यांनी उजवा दंड पुढे केला. म्हणाले, मग हा तिचा समजा. कंपाउंडर हसला, टोचली आणि माझ्या नावाची चिठ्ठी दिली. दोन दिवस दोन्ही दंड सुजून हे कोंबडीसारखे हात फाकवून चालत होते. मला बजावलं, कोणाला सांगशील तर बघ. एक तर सरकारी कागद खोटा. दुसरं म्हणजे, बाजारात समजलं की नारायणनं बायकोची सुई घेतली, तर जन्मभर पोरं ओरडतील.

त्या दिवशी घामाची गोधडी पिळताना मला वाटलं, ओरडू दे. माणूस राहिला तर ओरडतील ना. मी तशीच ह्यांना बैलगाडीत घालून दवाखान्यात गेले, वऱ्हांड्यात निजवलं आणि आत जाऊन तायडेभाऊंना सगळं सांगितलं.

ते ऐकत राहिले. मग हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "दोन्ही दंडावर? वहिनी, तुमच्या वाट्याचे आकडे पन त्याच्याच रक्तात? मंग विडाल नाचन नाई तं काय करन." आणि डोळे पुसता पुसता थांबले. "म्हंजे ताप टायफाइडचा नाई. शिपाई कुठंतरी गोळा झाले. अन् पंधरा दिवस मीच लिहून दिलेल्या कागदावर त्याले चुकीचं औषध चालू आहे."

मला घेऊन ते मोठ्या डॉक्टरांसमोर गेले. डॉक्टर ऐकताऐकता तापले. "तायडे, तुम्ही तपासनीस आहात. निदान करायला मी आहे."

"म्हनूनच निदान नाई करून राह्यलो साहेब. माझा रिपोर्ट रद्द करून राह्यलो."

"असा रिपोर्ट रद्द होत नसतो. वर कळवावं लागेल. मेमो मिळेल तुम्हाला."

"मिळू द्या. तुमच्या हातानंच द्या, अक्षर चांगलं आहे तुमचं." आणि त्यांनी रजिस्टर उघडून, डॉक्टरांच्याच टेबलावरची लाल दौत ओढून, नारायणरावांच्या विडालवर काट मारली. बाजूला सही केली. मग हळूच म्हणाले, "एकच इनंती आहे. त्याचा उजवा खांदा दुखते. फासळ्यायवर एकदा दाबून पाह्यसान."

डॉक्टर रागाने उठले, पण उठले. हे वऱ्हांड्यातच निजले होते. डॉक्टरांनी उजव्या बाजूच्या खालच्या दोन फासळ्यांच्या मध्ये एक बोट ठेवून दाबलं. पंधरा दिवसांत ज्याला कूस बदलायची ताकद नव्हती, तो माणूस हातभर वर उडाला. डॉक्टरांनी बोट काढलं. मग तायडेभाऊंना म्हणाले, "अकोल्याची गाडी किती वाजता आहे?" काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, पू झाला होता. त्याची कळ खांद्यात निघते म्हणे, आणि मी खांद्याला तेल चोळत होते. डॉक्टरांनी आपल्या हाताने चिठ्ठी लिहिली. तो मेमो मात्र कधीच आला नाही.

निघताना तायडेभाऊंनी मला एक बूच घट्ट बसणारी बाटली दिली. "पू काढला का एवढा भरून आना."

अकोल्याला जाड सुईने पू काढला. काकवीसारखा, तपकिरी. तांब्याभर तरी असेल. मी तिथल्या डॉक्टरांना बाटली दाखवली तेव्हा ते म्हणाले, बाई, हे काय प्रसाद आहे का घरी न्यायला? मी म्हटलं, आमच्या गावात एक माणूस आहे, त्याला पाहायचं आहे. हसून त्यांनी भरून दिली. हे आठ दिवसांत उठून बसले. मी कपडे न्यायला मधेच एकदा मालेगावला आले, बाटली पदराखाली धरून. गाडीत शेजारची बाई म्हणाली, काकवी कुठची, अकोल्यात महाग आहे का हो? मी म्हटलं, लय महाग पडली.

तायडेभाऊंनी त्या दिवशी बाहेर रांग असताना दार लावून घेतलं. तासभर काच बदलून बदलून पाहिलं. मी बाहेर स्टुलावर बसून. बाहेर आले ते मान हलवत.

"अर्धं चुकलं वहिनी."

"काय चुकलं? मानूस वाचला ना."

"मानूस वाचला. पन मी म्हनत होतो, शिपायायचा ढीग सापडन. याच्यात शिपाई दोन-चारच, बाकी सगळं विरघळलेलं काळीज. शिपाई मधात नसतीनच. भवताल असतीन, बांधावर उभे. पन बाहेर काढलं का बांध कुठं राह्यते?" त्यांनी बाटली उजेडात धरली. "तिथल्या तिथंच पाह्यले पाह्यजे होतं. जितेपनी."

तेव्हापासून त्यांचं वाक्य बदललं. कोणी खोटं बोललं की म्हणायचे, "रक्त खोटं बोलत नाई. पन इच्यारलं तेवढंच सांगते."

परवा मी निवडलेल्या मेथीखालचा कागद वाचत होते. सवय जात नाही. मराठी वर्तमानपत्रच होतं. त्यात लिहिलं होतं की आता अशी पाहिजे तशी अँटिबॉडी घडवतात, लहानशी, आणि तिला चमकणारं काही जोडून जित्या माणसाच्या अंगात सोडतात, आणि शिपाई कुठे कुठे उभे आहेत ते पडद्यावर दिसतं. मी तो कागद पुसून, घडी घालून ठेवला. कोणाला द्यायचा, ते माहीत नाही.

ह्यांच्या त्या आजारपणाच्या पुढच्या वर्षी तायडेभाऊंची बदली चांद्याकडे झाली. लोक वाईट वाटून घेत होते, तिकडं जंगल, मलेरिया. तायडेभाऊ म्हणत होते, "मलेरिया लय आहे म्हनतात. डास तर पाह्यन्यासारखे आहेत," जसं काही तिकडे आंबे चांगले मिळतात.

कारंजाची गाडी सकाळची होती, तिथून पुढे जायचं होतं. त्याच गाडीवर आमची वांग्याची पोती चढवायची होती. तायडेभाऊंचं सामान म्हणजे एक वळकटी, एक ट्रंक आणि पाठकोऱ्या कागदांची ती वही. ते खिडकीशी बसले. कंडक्टरने घंटी मारली आणि गाडीने घरघर सुरू केली. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येईना. मग त्यांनी आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं आणि डाव्या हाताने स्वतःच्या उजव्या खांद्यावर दोनदा थोपटलं. भुवया वर.

हे खाली वाकले, शेवटचं पोतं उचललं आणि मुद्दाम, तायडेभाऊंकडे बघत, उजव्या खांद्यावर घेतलं. टपावरच्या माणसाकडे द्यायचं सोडून तसेच उभे राहिले. टपावरचा वरून ओरडत होता, ओ, द्या ना वर. हे हलेनात. तायडेभाऊ खिडकीतून पाहत होते, एक डोळा मिटून.